‘हात वर, बजेट पास’: फिरत्या मेसेजमधली एकेक ओळ

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या तोंडावर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: “२८८ आमदारांपैकी एकही बजेट वाचत नाही. हात वर, बजेट पास. निराधारांचं अनुदान वाढवायची आमदारांची इच्छाच नाही. समाजकल्याणाचे मंजूर कोटी खर्च होत नाहीत, म्हणजे ते खाल्ले जातात. दलित-आदिवासींचा पैसा विधानसभेला न विचारता पळवला जातो. समित्या म्हणजे सरकारी सहली. आमदाराला जाब विचारून उपयोग नाही.”

मेसेज लिहिणाऱ्याचा राग खरा आहे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ चुकीच्या माणसाकडे किंवा चुकीच्या दिवसाकडे बोट दाखवते, आणि ज्यानं उत्तर द्यायला हवं तो आरामात निसटतो. म्हणून एकेक ओळ घेतो.

“हात वर, बजेट पास.”

टीव्हीवर दिसतं ते अर्थमंत्र्यांचं भाषण. त्यावर मतदान होत नाही. घटनेच्या कलम २०२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडलं जातं आणि त्यावर सर्वसाधारण चर्चा होते. मग कलम २०३ नुसार खर्चाच्या मागण्या खातेनिहाय विधानसभेपुढे येतात. सामाजिक न्याय, महिला व बालविकास, आदिवासी विकास अशी प्रत्येकाची वेगळी मागणी आणि तिला वेगळा क्रमांक. आमदार त्यावर कपात सूचना देतात. धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणा, एखादं गाऱ्हाणं मांडायचं असेल तर शंभर रुपये कमी करा, असं त्यांचं स्वरूप. शेवटी कलम २०४ खाली विनियोजन विधेयक मंजूर होतं, तेव्हा कुठे तिजोरीचं कुलूप उघडतं. विधान परिषद चर्चा करते, पण मागण्यांवर मत देण्याचा अधिकार तिला नाही, आणि विनियोजन विधेयक तिला १४ दिवसांत परत पाठवावंच लागतं.

आता मेसेजच्या बाजूनं जे बोलायला हवं ते बोलतो. कपात सूचना मंजूर होणं म्हणजे सरकारवर अविश्वास मानला जातो, त्यामुळे सत्तेतला आमदार तिला कधीच मत देणार नाही. या सूचना भाषण करण्याचं निमित्त म्हणूनच वापरल्या जातात. सगळ्या खात्यांना चर्चेचा वेळ मिळत नाही. उरलेल्या मागण्या ठरलेल्या वेळी चर्चेविना मताला टाकल्या जातात. संसदेत १९९३ पासून मंत्रालयांच्या मागण्या मतदानाआधी विभागीय स्थायी समित्यांकडे जातात. केरळनं तर १९८० मध्येच विषय समित्या नेमल्या. आपल्याकडे मतदानाआधीच्या अशा तपासणीची सवय रुजलेली नाही.

पण मार्चमधल्या मतदानाला शिव्या देताना मेसेजवाला खरी फट बघतच नाही. ती पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा पैशांत आहे.

२०२४ चं उदाहरण घ्या. लोकसभा निवडणुकीमुळे फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला आणि तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २८ जूनला पूर्ण अर्थसंकल्प मांडला, सुमारे ६ लाख १२ हजार कोटींचा. त्यातच ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली आणि वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असं सांगितलं गेलं. त्यानंतर अकराच दिवसांनी, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यात २५ हजार कोटी लाडक्या बहिणीसाठी. १२ जुलैला अधिवेशन संपलं. मूळ अर्थसंकल्पाच्या साडेपंधरा टक्के रक्कम, आणि तपासायला चार दिवससुद्धा धड नाहीत. ज्या अर्थसंकल्पाची शाई वाळलेली नव्हती त्यालाच पुरवणी का लागावी, हा प्रश्न त्या आठवड्यात विरोधकांनी विचारला. पण मेसेजवाले त्या आठवड्यात कुठे होते? पुढच्या वर्षीही ३० जूनला ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्याच.

पुरवणी मागणी कलम २०५ खाली चालते. आधीची तरतूद अपुरी पडली किंवा अर्थसंकल्पाच्या वेळी कल्पना नव्हती असा नवा खर्च उपटला, तर ती मागायची. नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, आपल्या अहवालांत राज्याबद्दल पुन्हा पुन्हा लिहीत आले आहेत की अनेक शीर्षांखाली, म्हणजे खर्चाच्या ठरावीक नोंदींखाली, पुरवणी घेतली आणि वर्षअखेर खर्च मूळ तरतुदीपर्यंतही पोचला नाही. म्हणजे तिथे पुरवणीची गरजच नव्हती. आमदारानं वाचायचीच असतील तर ही पानं आधी वाचावीत.

“निराधारांचं अनुदान वाढवायची आमदारांची इच्छाच नाही.”

इच्छा असली तरी आमदार मागणीत एक रुपयाही वाढवू शकत नाही. कलम २०३ प्रमाणे विधानसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवायचा पर्याय तिथे लिहिलेलाच नाही, आणि राज्यपालांच्या शिफारशीशिवाय म्हणजे सरकारशिवाय नवी मागणी येत नाही. ज्या आमदाराला “तुम्ही वाढवून का आणलं नाही” असं विचारता, त्याच्या हातात फक्त कात्री आहे.

आता संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे बघा. तिचं आणि श्रावणबाळ योजनेचं अनुदान २०२३ मध्ये हजारावरून दीड हजारावर गेलं. पण दिव्यांग सोडले तर लाभार्थ्याच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१ हजार रुपये राहिली. महिन्याला साडेसतराशे. एवढ्यावर खरोखर चालणारं कुटुंब तलाठ्यानं दाखवावं आणि त्याला तसा दाखला द्यावा, असा हा मामला. याउलट लाडक्या बहिणीसाठी मर्यादा अडीच लाख. दोन्हींची रक्कम दीड हजारच. ही विषमता अर्थसंकल्पाच्या कोणत्याही खंडात सापडणार नाही, कारण २१ हजारांचा आकडा शासन निर्णयात असतो आणि शासन निर्णयावर विधानसभा मतदान करत नाही. तो बदलायला लावायचा तर तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी, अर्धा तास चर्चा हीच हत्यारं. मंत्री सभागृहात “तपासून निर्णय घेऊ” म्हणाले की ते आश्वासन ठरतं आणि आश्वासन समितीच्या यादीत जातं. या यादीकडे फारसं कुणी बघत नाही, पत्रकारही नाहीत.

राज्याला शिव्या देताना दिल्लीचा हिशेबही लक्षात असू द्या. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे, आणि तो २००७ पासून तेवढाच आहे. वरची रक्कम राज्य भरतं.

“खर्च झाला नाही म्हणजे खाल्ला.”

ही ओळ तर उलटीच आहे. खाल्लेला पैसा हिशेबात खर्च म्हणूनच दिसतो. न खर्चलेला पैसा तिजोरीतून निघालेलाच नसतो.

तरतूद, वितरण आणि खर्च या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. विधानसभा तरतूद मंजूर करते. त्यातला किती भाग खात्याच्या हाती द्यायचा आणि कधी द्यायचा, हे वित्त विभाग ठरवतो. महसूल कमी आला की तो हात आखडता घेतो, आणि पहिला फटका वेतनाला बसत नाही. तो शिष्यवृत्तीला, आश्रमशाळेच्या साहित्याला, वसतिगृहाच्या भोजनाच्या बिलाला बसतो. मार्चमध्ये अचानक पैसा सुटतो, महिनाअखेरीला बिलं कोषागारात घुसवण्याची झुंबड उडते आणि उरलेलं ३१ मार्चला व्यपगत होतं, म्हणजे त्याची मंजुरीच संपते. चोरी झाली तर गुन्हा दाखल करता येतो. इथे विधानसभेनं दिलेला शब्द एका विभागानं परस्पर कापला, आणि त्याबद्दल कुणी उभं राहून सभागृहात सांगत नाही. माझ्या मते हे जास्त गंभीर आहे.

राज्याच्या ‘बीम्स’ या संकेतस्थळावर हे तिन्ही आकडे खातेनिहाय दिसतात. कुणालाही. पासवर्ड लागत नाही.

“दलित-आदिवासींचा पैसा विधानसभेला न विचारता पळवला.”

ही ओळ सगळ्यात जास्त शेअर होते आणि सगळ्यात जास्त काळजीनं वाचायला हवी. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीतले ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकासचे ३३५.७० कोटी लाडक्या बहिणीसाठी वितरित झाले. मिळून ७४६ कोटी. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. खात्याची गरज नसेल तर ते बंदच करा, इथपर्यंत ते बोलले. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं म्हणणं होतं की ही वैयक्तिक लाभाची योजना आहे, त्यामुळे या निधीतून खर्च नियमात बसतो.

कायद्याची बाजू अशी. एकाच मागणीच्या आत एका शीर्षावरून दुसऱ्या शीर्षावर पैसा नेणं सरकारला परस्पर करता येतं. त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. पण एका मागणीतला पैसा दुसऱ्या मागणीत विधानसभेच्या मंजुरीशिवाय जात नाही. मग ७४६ कोटी कसे गेले? पैसा त्या-त्या खात्याच्याच तरतुदीतून निघाला आणि त्या-त्या प्रवर्गातल्या लाभार्थी महिलांच्या नावे दाखवला. त्यामुळे कागदोपत्री मागणीची भिंत ओलांडलीच नाही. मेसेजमधला ‘न विचारता’ हा आरोप कायद्याच्या कसोटीवर टिकायला अवघड आहे. ‘सर्वांसाठीची योजना अनुसूचित जातींच्या हिश्श्यातून का चालवता?’ हा प्रश्न मात्र पक्का टिकतो. कारण हा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात, २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जातींसाठी ११.८ आणि जमातींसाठी ९.३५ टक्के, वेगळा ठेवायचा तो मागे राहिलेले समाज आणि इतर यांच्यातली दरी भरण्यासाठी. जी बाई कोणत्याही जातीची असली तरी तिला दीड हजार मिळालेच असते, तिच्या दीड हजारानं दरी कशी भरणार?

हा निधी दुसरीकडे वळवता येऊ नये असा कायदा करा, अशी मागणी यावर होते. कर्नाटक आणि आंध्र प्रदेशानं २०१३ मध्ये असा कायदा केला, तेलंगणानं २०१७ मध्ये, राजस्थाननं २०२२ मध्ये. मी या मागणीच्या बाजूचा आहे, पण भाबडेपणानं नाही. कर्नाटकात कायदा असतानाही निवडणुकीत जाहीर केलेल्या ‘गॅरंटी’ योजनांसाठी याच निधीतले हजारो कोटी वापरल्यावरून वाद पेटला आणि सरकारनं जवळपास हाच युक्तिवाद केला: लाभार्थी त्याच समाजातले आहेत. कायद्यात ‘सर्वसाधारण योजनेतला हिस्सा मोजायचा नाही’ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर त्याचा उपयोग भाषणापुरता.

“समित्या म्हणजे सहली.”

मे २०२५ मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या धुळे दौऱ्यात शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे १ कोटी ८४ लाखांची रोकड सापडली. त्यानंतर समित्यांची वकिली करायला जरा धीरच लागतो. तरी करतो.

कॅगचा अहवाल कलम १५१ नुसार सभागृहापुढे येतो आणि आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो. तिथे खात्याच्या सचिवाला साक्षीला बसावं लागतं. मंत्र्याला नाही, सचिवाला. आणि सचिवाला तिथे भाषण करता येत नाही. उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्चल्याचे दाखले, का थकली, अनुदान घेणाऱ्या संस्थेची तपासणी कोणी केली, याची उत्तरं तिथे नोंदवली जातात. जास्त झालेला खर्च नियमित करायचा तरी वाट याच समितीतून जाते. विधिमंडळाची पंचायती राज समिती जिल्हा परिषदेत आली की समाजकल्याण विभागात रात्री दिवे का जळतात, ते तिथल्या कुठल्याही कारकुनाला विचारा. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च केले का, हे तपासणारी दुसरी जागा फारशी नाही.

दुखणं उशिराचं आहे. समिती तपासते तोवर पैसा जाऊन वर्षं लोटलेली असतात आणि जबाबदार अधिकारी निवृत्त झालेला असतो. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारकही नसते. लाडक्या बहिणीतही छाननी पैशामागून आली: मे २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितलं की सुमारे दोन लाख अर्ज तपासले तेव्हा २,२८९ सरकारी कर्मचारी महिला लाभार्थी निघाल्या. जुलै २०२४ च्या त्या चार दिवसांत एखाद्या समितीनं ‘पडताळणी कशी करणार?’ एवढं विचारलं असतं, तरी शासकीय वेतनाच्या यादीशी नावं जुळवण्याची कल्पना कुणाला तरी सुचली असती.

“आमदाराला जाब विचारून उपयोग नाही.”

“गरिबांसाठी काय केलं?” असं विचारलं तर खरंच उपयोग नाही, त्याचं उत्तर प्रत्येक आमदाराकडे छापून तयार असतं. अर्थसंकल्पाचा खात्याचा खंड उघडा. सामाजिक सुरक्षा आणि कल्याण हे लेखाशीर्ष २२३५, अनुसूचित जाती-जमाती व मागासवर्गीयांचं कल्याण २२२५, पोषण आहार २२३६. प्रत्येक योजनेसमोर आकड्यांचे रकाने आहेत: मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. सुधारित आकडा मूळ आकड्यापेक्षा कमी झालेला असेल आणि तरीही त्याच शीर्षावर डिसेंबरात नागपूरला पुरवणी मागणी आली असेल, तर त्या एका ओळीबद्दल आमदाराच्या कार्यालयात लेखी प्रश्न द्या, तो तारांकित म्हणून लावायला सांगा, आणि अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्या, कारण प्रश्नांची मुदत अधिवेशन सुरू व्हायच्या कितीतरी आधीच संपते.