खाली नाव कुणाचं?

सकाळपासून डोकं फिरलंय. इथे लिहून मोकळा होतो.

चहाच्या वेळी बाबांनी पेपर माझ्याकडे सरकवला. "बघ, आपल्या मतदारसंघातला पाणीप्रश्न मिटला. पहिल्या पानावर आलंय." परवाच आमच्या कोथरूडच्या सोसायटीत टँकर आला होता, आणि तो गेटवर उभं राहून बाबांनीच आत घेतला होता. पण छापून आलंय म्हटल्यावर टँकर खोटा!

पान बघितलं. मथळा बातमीसारखा, कॉलम बातमीसारखे, फोटोसुद्धा बातमीसारखा. कोपऱ्यात मुंगीएवढं 'जाहिरात'. खाली 'एक जागरूक नागरिक'. हा नागरिक अख्खं पान विकत घेतो, मग त्याला नाव सांगायला लाज का वाटते?

सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एक शहाणे म्हणाले, "लोकांना कळतं हो सगळं." नाही कळत. माझ्या बाबांना कळलं नाही, आणि त्यांनी तीस वर्षं छापखाना चालवलाय.

शनिवार पेठेत होता. एक ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, अक्षरं जुळवणारे दोन कंपोझिटर, शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे खण. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक आली की पत्रकं. मी पाचवीत असेन. रात्री दहाला एक कार्यकर्ता आला. चार ओळींचा मजकूर, समोरच्या उमेदवाराच्या बायकोबद्दल. नाव टाकायचं नाही, पैसे दुप्पट आणि रोख. बाबा म्हणाले, खाली मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता येणार, तुमची सही लागणार, ओळखीचे दोन साक्षीदार लागणार. नाहीतर मशीन चालणार नाही. तो शिव्या घालत गेला.

(पत्रक सकाळी दारोदार पडलंच. दुसऱ्या कुणीतरी छापलं. आई त्या पैशांची आठवण अजून काढते.)

तो नियम आजही आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127अ कलम, 1961 पासूनचं. मोडलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 2 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2 हजार! केस उगवणाऱ्या तेलाची फसवी जाहिरात केली तर 2019 च्या ग्राहक कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. म्हणजे माझ्या टकलाची काळजी सरकारला जास्त.

टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला निवडणूक आयोगाच्या समितीचं प्रमाणपत्र आधी लागतं. लोकसभा-विधानसभेला पेपरातल्या जाहिरातीला ते लागतं फक्त मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी. त्याआधी रान मोकळं. आणि फोनवर फिरणाऱ्या क्लिपा? कुणाचा आवाज कुणाच्या तोंडी घातलाय, देव जाणे. तिथे कुठला छापखाना आणि कुठले साक्षीदार!

हो, मान्य आहे. खरं-खोटं ठरवायचा दंडुका सरकारच्या हाती दिला तर तो पहिल्यांदा विरोधकांच्याच पाठीत बसेल. मी तो मागतच नाहीये. बाबांनी त्या रात्री मजकूर खरा की खोटा हे विचारलंच नव्हतं. नाव विचारलं होतं. तेवढंच मागतोय. पैसे कुणी दिले ते मथळ्याच्या टायपात छापा. फोनवरच्या क्लिपेवरही. नाव घातलं की निम्म्यांची जीभ आपोआप आवरते, हे मी त्या रात्री बघितलंय.

सकाळी बाबांवर उगाच ओरडलो. "तुम्हीसुद्धा?" म्हणालो. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत बसले. चुकलंच माझं.

आत्ता जेवण झाल्यावर त्यांनी भिंग काढलं. पान दिव्याखाली धरून बराच वेळ बघत होते.

"सहा पॉइंटात टाकलंय, इतका बारीक टाइप," म्हणाले. मग तळाशी बोट फिरवलं. "हे मी छापलं नसतं."

पान बाजूला ठेवलं आणि टँकरवाल्याचा नंबर मागितला. उद्या पुन्हा लागणार आहे.