डायॉक्सिन बाटलीत नाही, बंबात आहे

उन्हाळा लागला की फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. मजकूर थोडाफार बदलतो, गाभा तोच: गाडीत तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिऊ नका, त्यात डायॉक्सिन उतरतं आणि कॅन्सर होतो. बाटली फ्रीजरमध्ये ठेवली तरी तेच. तळाच्या त्रिकोणातला नंबर बघा, ५ असेल तर बिनधास्त वापरा. बीपीए-फ्री, म्हणजे बिस्फेनॉल ए हे रसायन नसलेली, घ्या आणि निश्चिंत व्हा. शेवटी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सचा हवाला. हा मजकूर आमचा नाही, असं त्या संस्थेने केव्हाच सांगून टाकलंय, पण फॉरवर्ड करणाऱ्याला त्याचं काय!

"तापलेल्या बाटलीतून डायॉक्सिन"

डायॉक्सिन हे विषारी रसायन तयार व्हायला क्लोरीन लागतं. पाण्याची बाटली पेट (पीईटी) नावाच्या प्लास्टिकची असते आणि पेट म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. क्लोरीनचा पत्ताच नाही. शिवाय लागणारी उष्णता साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअस, तीही अर्धवट जळणाऱ्या धुरात. उन्हातल्या बंद गाडीत हवा फार तर ६० अंशांच्या आसपास जाते. पेट सत्तर-ऐंशी अंशांना मऊच पडतं. उकळतं पाणी ओतलं की बाटली आकसून वाकडी होते ती त्यामुळे.

मग पाण्यात काहीच उतरत नाही का? उतरतं, पण ते वेगळंच: अँटिमनी हे धातूसारखं मूलद्रव्य. पेट बनवताना अँटिमनीचं संयुग उत्प्रेरक म्हणून घालतात, त्याचा अंश प्लास्टिकात राहतो. अ‍ॅरिझोनातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे मोजलं. पाण्यातली अँटिमनी अमेरिकी मर्यादेपलीकडे, म्हणजे लिटरला ६ मायक्रोग्रॅमच्या वर जायला ६० अंशांना १७६ दिवस लागले, ६५ ला ३८ दिवस आणि ८० ला दोन दिवसांच्या थोडं वर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर २० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे दुपारभर गाडीत राहिलेल्या बाटलीने काही होत नाही. पण दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवलेले बाटल्यांचे क्रेट किंवा डिकीत उन्हाळाभर पडलेला साठा टाळावा. तोंड लावलेली बाटली दिवसभर कोमट राहिली, तर त्यातल्या जंतूंची काळजी आधी करा.

"फ्रीजरमध्येही तेच"

नाही. प्लास्टिकातून रसायन बाहेर पडणं थंडीत मंदावतं, वाढत नाही. विषय संपला.

"५ नंबर म्हणजे सुरक्षित"

त्रिकोणातला आकडा १९८८ मध्ये अमेरिकी प्लास्टिक उद्योगाने आणला, तो भंगार वेगळं करायला सोपं जावं म्हणून. तो प्लास्टिकची जात सांगतो. रंग कोणता, आत काय मिसळलंय, माल नवा की वितळवलेला, यातलं काही सांगत नाही. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन. ते १६० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे गरम भाताला चालतं. पण मायक्रोवेव्हमध्ये तेल आणि साखर जागोजागी शंभरच्या वर तापतात. तर्रीचा रस्सा किंवा शिरा त्यात तापवू नये. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढून घ्यायला असा कितीसा वेळ लागतो?

खरी अडचण नंबर नसलेल्या वस्तूंची आहे. पातळ काळ्या पिशवीत बांधलेला गरम रस्सा घ्या. प्लास्टिकातली बरीच मिश्रणं तेलात विरघळतात आणि वर तरंगणारी तर्री ती ओढून घेते. रिसायकल प्लास्टिकच्या पिशवीतून अन्न देऊ नये, असं अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंगच्या नियमात म्हटलं होतं. स्टीलचा डबा घेऊन गेलात तर कोणी हसत नाही. कागदी कपाचंही तसंच, आतून त्याला प्लास्टिकचा पापुद्रा असतो. आयआयटी खरगपूरच्या चाचणीत १०० मिलिलिटर गरम पाण्यात १५ मिनिटांत सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण सुटले.

"बीपीए-फ्री घ्या"

पेट आणि पॉलिप्रोपिलीनमध्ये बीपीए मुळात नसतंच, त्यामुळे त्यांच्यावरचं हे लेबल निव्वळ सजावट. बीपीए येतं पॉलिकार्बोनेटमधून: काचेसारखं पारदर्शक, टणक प्लास्टिक. वीस लिटरचे काही जार त्याचे असतात. शिवाय डबाबंद अन्नाच्या डब्याच्या आतल्या लेपात ते असू शकतं आणि पेट्रोल पंपाच्या थर्मल पावतीतही. उकळत्या पाण्याने पॉलिकार्बोनेटमधून बीपीए थंड पाण्याच्या तुलनेत ५५ पटींपर्यंत वेगाने सुटल्याचं मोजलं गेलंय. म्हणून जार उकळत्या पाण्याने किंवा धुण्याच्या सोड्याने धुवू नका. बीपीएच्या जागी अनेकदा बीपीएस हे त्याचंच भावंड वापरतात, आणि हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करायची त्याची खोडही तीच. बीपीएबद्दलची भीती मात्र पोकळ नाही: युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये रोजची सहन होण्याजोगी मात्रा आधीच्या २०,००० पट खाली आणली.

मेसेजमध्ये नसलेला मुद्दा

डायॉक्सिन खरं आहे आणि घातकही. त्याचा सर्वांत विषारी प्रकार कॅन्सर घडवतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नोंदवलं. शरीरातल्या चरबीत ते ७ ते ११ वर्षांत जेमतेम निम्मं होतं. फक्त ते बाटलीतून येत नाही, जाळातून येतं.

सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी बंब पेटवताना लाकूड लवकर धरत नाही म्हणून त्यात कॅरीबॅग, तुटकी चप्पल, रेक्झिनचा तुकडा, निवडणुकीनंतर उरलेला फ्लेक्स कोंबला जातो. फ्लेक्सवरचा थर पीव्हीसी या प्लास्टिकचा, आणि शुद्ध पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन. बंबातला जाळ कोंडलेला, हवा अपुरी, वर जाणारा धूर नेमका त्या २०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातून थंड होत जाणारा. कचरा भस्म करणाऱ्या चांगल्या भट्टीत वायू ८५० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवून मग झपकन थंड करतात, ते हाच पट्टा टाळायला. तांब्यासाठी वायरी जाळणं त्याहून वाईट: वेष्टण पीव्हीसीचं आणि तांबं स्वतःच उत्प्रेरक. नुसत्या कॅरीबॅगमध्ये क्लोरीन नसतं हे खरं, पण खरकट्यातल्या मिठात ते असतं, आणि काजळीतले कॅन्सरकारक घटक वेगळेच.

राखेचं कोणी बोलत नाही. डायॉक्सिन राखेतही राहतं, जुन्या पीव्हीसीतलं शिसंही. ती राख परसात पडते, कोंबड्या तिथेच उकरतात आणि ते अंड्याच्या बलकात जातं. माणसाच्या शरीरात शिरणारं ९० टक्क्यांहून जास्त डायॉक्सिन अन्नातून येतं, मुख्यतः दूध, मांस, मासे, अंडी यांतून.

उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे. बंबासाठी करवंट्या, काटक्या, न रंगवलेलं लाकूड वापरा. वायर सोलून विका, जाळून नाही. बंबात आधी प्लास्टिक जळालं असेल तर ती राख अळूच्या वाफ्यात टाकू नका, भांडी घासायला घेऊ नका. गार झाल्यावर पाण्याचा हलका शिपका मारून ती वेगळी बांधा आणि घंटागाडीवाल्याला काय आहे ते सांगून द्या.