गिऱ्हाईक मिळवण्याचा धंदा

घरी बसून दुसऱ्यांच्या ऑफिसची कामं करणं हा माझा धंदा. ईमेल बघायचे, अपॉइंटमेंट ठरवायच्या, बिलं पाठवायची आणि न आलेल्या पैशांची गोड शब्दांत आठवण करून द्यायची. कार्डावर मी ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ आहे. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत मी ‘दुसऱ्या मजल्यावरची, कॉम्प्युटरवर असते ती’ आहे. काम मला चोख येतं. अडचण एवढीच, की ते देणारा कुणीतरी लागतो.

धंदा म्हटल्यावर आधी उद्यम नोंदणी केली. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. त्यानंतर फोन खणखणायला लागला आणि मी हरखले. पहिला फोन बिनतारण कर्जवाल्याचा, दुसरा वेबसाइट बनवणाऱ्याचा, तिसरा त्या फुकटच्या नोंदणीचं प्रमाणपत्र पैसे घेऊन ‘अपडेट’ करून देणाऱ्याचा. क्लायंट शोधायला बाहेर पडलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त भेटतात ती त्यालाच क्लायंट करायला निघालेली माणसं.

कुणीतरी म्हणालं, नेटवर्किंग कर. म्हणजे सकाळी सातला एका हॉटेलात जमायचं, उपमा खायचा आणि प्रत्येकाने मिनिटभर उभं राहून आपला धंदा सांगायचा. विमावाले, म्युच्युअल फंडवाले, सोलरवाले, मॉड्युलर किचनवाले, पुन्हा विमावाले. सगळे विकायला आलेले. घ्यायला आलेलं कुणीच नाही. बाहेर पडले तेव्हा माझ्या पर्समध्ये टर्म इन्शुरन्सची दोन कोटेशन्स होती आणि ओट्याचं माप घ्यायला येणाऱ्या माणसाची वेळ ठरली होती. ती वेळही त्याला मीच कॅलेंडरमध्ये टाकून दिली. फुकट.

मग आले गुरुजी. ‘पायजम्यात बसून लाख कमवा’ असा त्यांचा 99 रुपयांचा वेबिनार होता. त्यात दोन तास त्यांनी सांगितलं, की खरं गुपित 24,999 रुपयांच्या कोर्समध्ये आहे आणि तो कोर्स आज रात्री बारापर्यंत 9,999 ला आहे. (ही रात्र अजून संपलेली नाही. परवाच मेसेज आला.) गुरुजींना क्लायंट कसे मिळतात हे मात्र मला 99 रुपयांतच समजलं. आम्हीच होतो की समोर बसलेलो!

परदेशी क्लायंट डॉलरमध्ये देतात म्हणून तिकडेही हातपाय मारले. न्यूयॉर्कच्या एका बाईंनी सकाळी दहाला बोलूया असं कळवलं. त्यांच्या उन्हाळी वेळेप्रमाणे तिकडचे दहा म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. आणि दिवस होते गणपतीचे. मी कानाला हेडफोन लावून ‘मी अत्यंत शांत वातावरणात काम करते’ एवढं वाक्य पुरं करते न करते, तोच खालच्या मंडपात झांजा सुरू झाल्या. बाईंनी घाबरून विचारलं, तुमच्याकडे आग वगैरे लागली आहे का? मी म्हटलं, नाही, प्रार्थना चालू आहे. त्या म्हणाल्या, कशासाठी? मी म्हटलं, विघ्नं दूर व्हावीत म्हणून. ती झाली. पुन्हा त्यांचा ईमेल आला नाही.

इकडच्या एका कंत्राटदाराने बरीच आशा दाखवली. शेवटी त्याने जीएसटी नंबर मागितला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे मी अशा काही सुरात सांगितलं, की जणू माझी गाडी 19 लाख 90 हजारांवर येऊन थांबली आहे.

सोसायटीत मात्र मागणीला तोटा नव्हता. “अगं, तू कॉम्प्युटरवरच असतेस ना?” म्हणत चौथ्या मजल्यावरच्या काकू नातवाचा प्रवेश अर्ज घेऊन आल्या. मग कुणाचं तत्काळ तिकीट, कुणाचा पेन्शनचा हयातीचा दाखला. मोबदला चकल्यांत. मी एकदा दरपत्रक छापून घ्यायचा विचार केला होता, पण ते बघून शेजारी छपाईची कामंही माझ्याकडेच आणतील, म्हणून सोडून दिला.

पण याच काकूंचे दीर देवगडचे आंबा बागायतदार निघाले. पाडव्याच्या आसपास त्यांचा फोन आला. प्रश्न एकच, “ताई, तुम्ही फोन उचलतास मां?” झाडावर चढू की फोन घेऊ, अशी त्यांची गत होती. मी कार्ड, प्रोफाइल, अनुभव सगळं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी तोवर नंबर वळवून टाकलाही होता.

अक्षय्य तृतीयेपर्यंत मी जे काम केलं त्याला तोड नाही. पाच डझनी दोन पेट्या, पण एक बायकोला कळू न देता बहिणीकडे. सहा डझनी हवी, पण फळ पाच डझनीएवढं मोठं. ‘देवगडच ना? कर्नाटकचा नाही ना?’ हा सवाल दर तिसऱ्या फोनला, म्हणून कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचं उत्तर मी लिहूनच ठेवलं. पैशांचा विषय काढल्यावर काकूंचे हे भावोजी म्हणाले, “पैसे खंय जातत? आधी पेटी घ्या.” मी म्हटलं, पेटी घेते, पण महिन्याचे पैसे एक तारखेला आगाऊ. ते एवढे दचकले, की त्यांनी खरोखरच पाठवले.

आणि मग त्यांनी गावभर सांगायला सुरुवात केली, “आमच्याकडे एक चेडू आसा, फोन उचलता!” चेडू म्हणजे पोरगी. माझी चाळिशी उलटली आहे, पण या एका वाक्यावर कोकम सरबतवाले आले, काजूवाले आले, आणि घरी पर्यटक ठेवणारं मालवणचं एक जोडपं आलं. माझ्या कार्डावर इंग्रजी शब्दांच्या चार ओळी आहेत. त्या वाचून आजवर कुणीही आलेलं नाही.

सीझन संपताना उधारीची यादी हातात आली. वसुलीला बसले तर तिसरं नाव ओळखीचं वाटलं. आवाज ऐकला आणि खात्रीच पटली. पायजम्यात लाख मिळवणाऱ्या गुरुजींकडे दोन पेट्यांचे पैसे राहिले होते. मी सकाळी फोन केला, दुपारी मेसेज टाकला, संध्याकाळी पुन्हा फोन. चौथ्या दिवशी गुरुजी स्वतःहून बोलले.

“मॅडम, तुमचा फॉलोअप जबरदस्त आहे हो. आमच्या कोर्सच्या चौकश्यांना उत्तर द्यायला माणूसच नाहीये. येता का आमच्याकडे? डिस्कव्हरी कॉल करूया?”

“करूया की,” मी म्हटलं. “आधी पेट्यांचे पैसे पाठवा. कॉलचे 99 वेगळे.”