बारीकात बारीक छिद्र, स्पष्टात स्पष्ट चित्र?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शिक्षक-पालकांत सध्या एक मजकूर फिरत आहे: "रिकाम्या डब्याला जमेल तितके बारीक छिद्र पाडा, छिद्र जितके बारीक तितके चित्र स्पष्ट. क्षणात फोटो मिळेल आणि याच छिद्रातून ग्रहणही निर्धास्त पाहता येईल." मुलांनी स्वतःच्या हाताने असा पिनहोल कॅमेरा, म्हणजे भिंगाऐवजी बारीक छिद्राने चित्र पाडणारा डबा, करावा ही त्यामागची तळमळ मलाही आहे, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे.

पहिले विधान अर्धेच खरे आहे. समोरच्या प्रत्येक बिंदूचा डब्यातल्या कागदावर साधारण छिद्राएवढा ठिपका उमटतो, त्यामुळे छिद्र लहान करत गेल्यास चित्र सुधारते. परंतु एका मर्यादेनंतर प्रकाशाचे विवर्तन, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना त्याचे पसरणे, वरचढ ठरते. छिद्रापासून कागद १० सेंटिमीटरवर असेल आणि छिद्र ०.२ मिलिमीटरचे असेल, तर तो ठिपका सुमारे ०.६७ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे छिद्राच्या तिपटीहून अधिक पसरतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या सूत्राप्रमाणे हे अंतर आणि प्रकाशाची तरंगलांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्याला १.९ ने गुणले, की अशा डब्यासाठी सुमारे ०.४५ मिलिमीटर हे छिद्राचे योग्य माप येते. अंतर वाढले की योग्य छिद्रही मोठे होते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडणारे छिद्र सुईच्या टोकाहून कितीतरी मोठे आहे. मापाइतकीच छिद्राची कडही महत्त्वाची असते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घ्यावा, सुई दाबून न घुसवता टोकाने हळूहळू फिरवावी, आणि मागे उठलेली कड बारीक पॉलिश पेपरने घासून काढावी.

क्षणात फोटो मिळत नाही. ०.४५ मिलिमीटरच्या छिद्राने कृष्णधवल फोटोच्या कागदावर चित्र घ्यायला कडक उन्हातही अर्धा ते एक मिनिट लागतो, आणि आपल्याकडच्या आषाढातील ढगाळ दिवशी कित्येक मिनिटे. तेवढा वेळ डबा हलू नये म्हणून त्यावर दगड ठेवावा लागतो. पुढे लाल दिव्याच्या अंधाऱ्या खोलीत कागद डेव्हलपर आणि फिक्सर या रसायनांतून काढल्यावर हाती येते ती निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे झालेले चित्र.

तिसरे विधान मात्र धोक्याचे आहे. छिद्रातून सूर्याकडे थेट पाहिल्यास डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. २६ डिसेंबर २०१९ रोजी बेळगावातून खंडग्रास ग्रहण दिसले, तशा वेळी सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, छिद्र पाडलेला पुठ्ठा खांद्यावर धरावा आणि समोरच्या पांढऱ्या कागदावरची प्रतिमा पाहावी. पुठ्ठा आणि कागद यांत एक मीटर अंतर ठेवल्यास सूर्याचे बिंब सुमारे ९ मिलिमीटरचे पडते, आणि त्याला लागलेला ग्रास स्पष्ट ओळखू येतो.