‘मतं कुजवा’ एवढ्यानं भागत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९५२ च्या ‘मुंबई शहर उत्तर’ या लोकसभा मतदारसंघावरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतली आहे. आक्षेप दोन आहेत. कम्युनिस्ट नेते डांगे यांच्या ‘मतं कुजवा’ (म्हणजे हातातलं दुसरं मत वाया घालवा) या प्रचारानं बाबासाहेब पडले हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना मी ते दोन ओळींत उरकलं. आणि ज्यांचं नाव आज कुणी घेत नाही त्या विजयी काजरोळकरांवर मात्र शाई खर्ची घातली.

प्रचाराचा मुद्दा मी नाकारलेला नाही. ७० हजारांहून जास्त मतं बाद झाली, बाबासाहेब आणि त्यांच्याशी युती केलेल्या समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक रद्द करण्याची मागणी केली, हे सगळं खरं आहे. पण तुम्ही तिथेच थांबता. मला पुढचे आकडे गप्प बसू देत नाहीत.

हा मतदारसंघ होता दुहेरी. खासदार दोन, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका. शिक्का मारायची भानगड तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह, त्यात कागद टाकायचा. (या पेट्या आपल्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनत होत्या.) दोन्ही कागद एकाच पेटीत टाकले तर एकच धरायचा, दुसरा बाद; मत ‘कुजवणं’ ते हेच. म्हणजे युतीच्या मतदारानं एक कागद समाजवाद्यांच्या झाडाला आणि दुसरा बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या हत्तीला द्यायचा, असा हिशोब होता.

आता निकाल बघा. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८. मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. डांगे ९६,७५५. मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मतं जास्त, तरी मेहता घरी आणि काजरोळकर दिल्लीला, कारण राखीव जागा राखीव उमेदवारांतल्या पहिल्यालाच जाणार.

बाबासाहेब १४,५६१ मतांनी हरले. त्यांच्यात आणि त्यांचेच जोडीदार असलेल्या मेहतांमध्ये अंतर होतं १६,१६५ चं. झाडाला जितके कागद पडले तितकेच हत्तीला पडते, तर बाबासाहेब निवडून येत होते, डांग्यांनी काहीही सांगितलेलं असो. मतपेटी जात सांगत नाही, त्यामुळे कुणी कुठली जोडी लावली हे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण काँग्रेसकडेही तेच दिसतं: गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मतं कमी. दोन्ही आघाड्यांवर दलित जोडीदारच मागे! डांगे विरोधक होते, त्यांनी विरोधकासारखं वागावं यात नवल ते काय? मित्राच्या मतदारांनी हात आखडता घेतला, त्याचं काय? १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत पुन्हा हीच जोडी उभी राहिली. मेहता आले, बाबासाहेब पडले. तिथे गिरणगावातले कम्युनिस्ट कुठून आणायचे?

१९३७ शी तुलना केलीत तर गोम आणखी उघड होते. तेव्हा प्रांतिक कायदेमंडळासाठी भायखळा-परळमधून बाबासाहेबांनी काँग्रेसच्या बाळू पालवणकरांना, हो, त्याच फिरकी गोलंदाजाला, हरवलं होतं. त्या पद्धतीत मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची मुभा होती. १९५२ मध्ये ती नव्हती. दुसऱ्यांच्या दुसऱ्या मतावर विसंबून राहणं भाग होतं.

म्हणून काजरोळकर. तुम्ही त्यांना ‘काँग्रेसचं प्यादं’ म्हणता. म्हणा. पण बाबासाहेबांना हरवणारा माणूस कोण होता हे न सांगता त्या पराभवावर लिहायचं, हा मला आळस वाटतो. ते १९६२ मध्ये पुन्हा लोकसभेवर गेले आणि पुढे पद्मभूषणही झाले. मला त्यांचं राजकारण आवडतं असा याचा अर्थ होत नाही.

जाता जाता एक: ‘उत्तर मुंबई म्हणजे बोरिवली’ असं धरून जे वाचक भांडले, त्यांनी नाव नीट वाचावं. ‘शहर उत्तर’ आहे ते. उपनगरांची जागा वेगळी होती, तिथून जयश्री रायजी निवडून आल्या.

आणि डांग्यांना मी पाठीशी घालतो म्हणता, तर १९५७ कडे तुम्ही पाठ का फिरवता? बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला वर्षही झालं नव्हतं. ‘मुंबई शहर मध्य’ ही दुहेरी जागा संयुक्त महाराष्ट्र समितीनं जिंकली. तिथून निवडून आलेले दोघे होते कम्युनिस्ट डांगे आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्या पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली, त्यांची आता एकच जोडी. तुमच्या ‘कम्युनिस्टांचा जन्मजात द्वेष’ या सूत्रात हे कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा. १९६१ च्या कायद्यानं दुहेरी मतदारसंघच मोडीत निघाले, त्यामुळे तिसरा प्रयोग बघायला मिळाला नाही.

लेखातल्या त्या दोन ओळी तशाच राहतील. तुमच्याकडे प्रभागवार मतमोजणी असेल तर जरूर पाठवा, वेगळा लेख लिहीन.