एबी फॉर्म नसलेल्या देशातून

महाराष्ट्रात कोणतीही निवडणूक लागली, की अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत जे नाट्य रंगते, त्याचे पडसाद पुढे आठवडाभर माझ्या फोनवर उमटत राहतात. २०२४च्या विधानसभेच्या वेळी नाशिक जिल्ह्यातल्या दोन उमेदवारांचे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाची अधिकृत उमेदवारी देणारी कागदपत्रे, ऐन वेळी हवाई मार्गाने धाडण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी नाशिक पदवीधर मतदारसंघात काँग्रेसने उमेदवारी दिली वडिलांना. वडिलांनी अर्जच भरला नाही, चिरंजीवांनी अपक्ष म्हणून भरला आणि ते निवडूनही आले. असे काही घडले की पुण्यातले माझे मित्र हताश होतात आणि ठरलेले वाक्य लिहून पाठवतात : तुमच्या अमेरिकेत बरे आहे, तिथे पक्षाचा उमेदवारसुद्धा लोकच निवडतात, आपणही एकदाची अध्यक्षीय पद्धत आणली पाहिजे.

या वाक्यात दोन वेगवेगळ्या मागण्या एकमेकींत अडकलेल्या आहेत, त्या आधी सोडवलेल्या बऱ्या. पक्षाचा उमेदवार मतदारांनी मत देऊन ठरवण्याची जी प्रायमरी नावाची रीत इथे आहे, तिचा अध्यक्षीय पद्धतीशी नवराबायकोचा संबंध नाही. इथे खासदार, राज्यपाल आणि पुष्कळ ठिकाणी काउंटीचा शेरीफसुद्धा आधी प्रायमरीतून पार पडतो आणि मग खऱ्या निवडणुकीला उभा राहतो. उद्या दिल्लीत थेट निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष बसवला, तरी त्याचा एबी फॉर्म आजच्यासारखाच कोणाच्या तरी खिशात राहील. तेव्हा अध्यक्षीय पद्धत हा विषय बाजूला ठेवून प्रायमरीविषयीच बोलू.

मी विमा कंपन्यांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डेमॉइनमध्ये राहतो. ही आयोवा राज्याची राजधानी. चार वर्षांतून एकदा अध्यक्षपदाच्या इच्छुकांना या मक्याच्या राज्याचा अचानक उमाळा येतो, कारण उमेदवार निवडीचा पहिला कौल वर्षानुवर्षे इथेच लागत आला. आणखी एक गोष्ट उघड करतो, म्हणजे पुढे कोणी पक्षपाताचा आरोप करायला नको : मी डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस आहे. त्यामुळे २०११-१२मधली रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी मी ज्या तन्मयतेने पाहिली, तेवढ्या तन्मयतेने मी क्रिकेटचा विश्वचषकही पाहिलेला नाही.

त्या वर्षी ओबामांना हरवायला निघालेल्यांची रांग पाहण्यासारखी होती. मिशेल बाकमन या मूळच्या आयोवातल्या वॉटर्लू गावच्या. तिथे उमेदवारी जाहीर करताना त्यांनी आपण याच गावच्या जॉन वेनच्या वृत्तीच्या आहोत असे अभिमानाने सांगितले. काउबॉयपटांचा तो नायक जन्मला होता विंटरसेटला; वॉटर्लूत राहून गेला होता तो तेहतीस खून करणारा जॉन वेन गेसी. हर्मन केन हे पिझ्झाच्या धंद्यातून आलेले गृहस्थ. देशाच्या करप्रणालीवर त्यांचा उतारा होता ९-९-९, म्हणजे तीन कर आणि प्रत्येक नऊ टक्के. पिझ्झावरची सवलत जितक्या सहजपणे सांगावी तितक्याच सहजपणे ते हा उतारा सांगत. काही आठवडे ते जनमत चाचण्यांत चक्क पहिले होते, आणि डिसेंबरात माघार घेताना त्यांनी निरोपाच्या भाषणात ज्या ओळी म्हटल्या त्या पोकेमॉनच्या चित्रपटातल्या होत्या.

टेक्ससचे राज्यपाल रिक पेरी यांनी तर अमरत्वच मिळवले. नोव्हेंबर २०११मध्ये मिशिगनमधल्या वादसभेत त्यांनी आपण सत्तेवर आल्यास केंद्राची तीन खाती बंद करू अशी गर्जना केली, दोन खात्यांची नावे घेतली आणि तिसरे काही केल्या आठवेना. शेजारचे प्रतिस्पर्धी नावे सुचवत होते, सूत्रसंचालक थांबले होते, आणि जवळजवळ मिनिटभराच्या झटापटीनंतर पेरींच्या तोंडून निघाले ते फक्त ‘ऊप्स’. विसरलेले खाते होते ऊर्जा. २०१७मध्ये ट्रम्प यांनी त्यांना मंत्री केले ते नेमके ऊर्जा खात्याचेच. आपल्याकडे खातेवाटपावरून रुसवेफुगवे होतात, पण विसरलेले खाते नशिबी येण्याचा योग अजून कोणाच्या कुंडलीत आलेला नाही.

न्यूट गिंगरिच यांनी फ्लोरिडात जाहीर केले की आपल्या दुसऱ्या कार्यकाळाच्या अखेरीस चंद्रावर अमेरिकेची कायमची वसाहत असेल, आणि तिथली वस्ती तेरा हजारांवर गेली की चंद्राला राज्याचा दर्जा मागता येईल. स्वतंत्र विदर्भाची मागणी करून थकलेल्या नागपूरकरांनी याची नोंद घ्यावी : लोकसंख्येची अट तर तुम्ही केव्हाच पुरी केली आहे, चुकले असेल ते ठिकाण. गिंगरिच यांच्या या उड्डाणाला इंधन पुरवत होते लास व्हेगासचे कॅसिनोसम्राट शेल्डन एडलसन. त्यांनी जानेवारीत पन्नास लाख डॉलर दिले आणि महिना संपायच्या आत त्यांच्या पत्नीने आणखी पन्नास लाख. लोक उमेदवार निवडतात हे खरे, पण कोणता उमेदवार लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत तग धरणार हे पुष्कळदा असे एखादे जोडपे ठरवते.

आणि शेवटी ज्यांना उमेदवारी मिळाली ते मिट रॉम्नी. आयोवाच्या जत्रेत, गवताच्या गठ्ठ्यांशेजारी उभे राहून, कंपन्यासुद्धा माणसेच असतात असे त्यांनी एका हुर्यो करणाऱ्या श्रोत्याला ऐकवले. डिसेंबरात आमच्याच शहरातल्या ड्रेक विद्यापीठातल्या वादसभेत त्यांनी पेरींपुढे हात करून दहा हजार डॉलरची पैज लावली. त्या वेळच्या हिशेबाने पाच लाख रुपये. श्रीमंत माणसाने सामान्य दिसण्यासाठी जीन्स घालावी आणि पैज मात्र पाच लाखांची लावावी, हे आपल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कोणाच्या हातून घडले नसते; तिथली मंडळी या बाबतीत फार सावध असतात.

हे सारे मी हसण्यासाठी सांगतो आहे, पण निव्वळ हसण्यासाठी नाही. यांतल्या प्रत्येकाचे अज्ञान, पैशाची गुर्मी आणि विसराळूपणा उमेदवारी मिळण्याआधी चव्हाट्यावर आला. महाराष्ट्रात आपल्याला उमेदवाराचे गुण कळतात ते तो निवडून आल्यावर, किंवा गुवाहाटीला गेल्यावर.

आता मतदानाविषयी, कारण खरी गोम तिथे आहे. अध्यक्षपदासाठी आयोवात प्रायमरी नसते, कॉकस असतो, म्हणजे पक्षाने भरवलेली मतदारांची सभा. ३ जानेवारी २०१२च्या संध्याकाळी मी शेजाऱ्यांबरोबर एका शाळेच्या व्यायामशाळेत निव्वळ प्रेक्षक म्हणून गेलो होतो. सात वाजता सभा सुरू झाली. प्रत्येक उमेदवाराच्या वतीने गावातलाच कोणीतरी उठून दोन मिनिटे बोलला. एका आजीबाईंनी सँटोरम यांच्या बाजूने बोलताना त्यांच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचाही उल्लेख केला. मग कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, लोकांनी त्यांवर नाव लिहिले, चिठ्ठ्या पॉपकॉर्नच्या प्लास्टिकच्या बादलीत गोळा झाल्या आणि सर्वांदेखत मोजल्या गेल्या. मला भरून आले होते, हे नाकारत नाही. इतका निर्मळ प्रकार मी आयुष्यात पाहिला नव्हता.

त्या रात्री उशिरा रॉम्नी आठ मतांनी जिंकल्याचे जाहीर झाले. सव्वा लाखाच्या आसपास मतांत आठ. पंधरवड्यानंतर पक्षाने सांगितले की आठ केंद्रांचे अधिकृत आकडे मिळालेच नाहीत, पण उरलेल्यांचा मेळ घातला तर सँटोरम चौतीस मतांनी पुढे आहेत. तरी विजयी कोण हे सांगता येत नाही. मग टीका झाली आणि सँटोरम विजयी असल्याचे सांगण्यात आले. उन्हाळ्यात उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या पक्षाच्या टॅम्पाच्या अधिवेशनात आयोवाच्या बहुतांश प्रतिनिधींनी मत दिले ते मतमोजणीत तिसरे आलेल्या रॉन पॉल यांना, कारण त्यांचे चिकट कार्यकर्ते पुढच्या प्रत्येक कंटाळवाण्या बैठकीला शेवटपर्यंत बसून राहिले होते. एका निवडणुकीचे तीन विजेते! मी आठ वर्षे हा किस्सा प्रत्येक रिपब्लिकन सहकाऱ्याला न चुकता ऐकवत असे.

फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्या पक्षाची पाळी आली. आम्ही सुधारलेले, तेव्हा निकाल कळवण्यासाठी ॲप. ॲप चालले नाही, फोन लागले नाहीत, आणि त्या रात्री निकालच लागला नाही. पीट बुटिजेज यांनी एकही आकडा जाहीर होण्याआधी विजयाचे भाषण उरकून घेतले. पुढे कळले की मते जास्त प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना आणि प्रतिनिधी जास्त बुटिजेज यांना. काही केंद्रांवर बरोबरी झाली तिथे नियमानुसार नाणे उडवले गेले. चौथे आलेले बायडन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आमच्या पक्षाने २०२४ला आयोवाचा पहिला मान काढून साउथ कॅरोलायनाला दिला, आणि रिपब्लिकन सहकाऱ्यांनी माझी जुनी बाकी व्याजासह चुकती केली.

दोन्ही पक्षांच्या फजितीचे मूळ एकच : आयोवात मोजणी पक्ष स्वतः करतो. इतर बहुतेक राज्यांत तसे नाही. तिथे पुष्कळ ठिकाणी कोण कोणत्या पक्षाचा मतदार आहे याची नोंद सरकारी निवडणूक कार्यालयात असते, मतपत्रिका सरकार छापते, मते सरकारी यंत्रणा मोजते आणि पक्षाध्यक्षाला त्यात बोट घालता येत नाही. न्यू हँपशरचे उदाहरण घ्या. तिथे एक हजार डॉलर भरले की जवळजवळ कोणालाही पक्षाच्या मतपत्रिकेवर आपले नाव घालता येते. व्हर्मिन सुप्रीम नावाचा एक इसम डोक्यावर उलटा बूट घालून हिंडतो आणि प्रत्येक अमेरिकन माणसाला एकेक तट्टू देण्याचे वचन देतो. २०१२मध्ये तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत विद्यमान राष्ट्राध्यक्ष ओबामांविरुद्ध उभा होता आणि त्याला काही शे मतेही पडली. पंचवीस वर्षे सतरंज्या उचललेल्या आपल्याकडच्या कार्यकर्त्याला जे मिळत नाही, ते इथे बूटवाल्याला हजार डॉलरांत मिळते.

याची किंमतही मोजावी लागते. २०१६मध्ये ट्रम्प यांना रोखण्यासाठी रिपब्लिकन पक्षातले वडीलधारे जंग जंग पछाडत होते. आदल्या खेपेचे उमेदवार रॉम्नी यांनी मार्चमध्ये खास भाषण करून त्यांना भंपक आणि फसवे ठरवले. उपयोग शून्य, कारण अडवून ठेवायला त्यांच्यापाशी एबी फॉर्मच नव्हता. (नोव्हेंबरात रॉम्नी परराष्ट्रमंत्रिपदाच्या आशेने त्याच ट्रम्प यांच्याबरोबर जेवायला गेले. हे दृश्य मात्र आपल्या वाचकांना परके वाटणार नाही.) पक्षश्रेष्ठींचा नकाराधिकार गेला की वाईट माणसाला अडवण्याची सोयही जाते. मला विचाराल तर मी तरीही हा सौदा पत्करेन, पण प्रायमरीचे गोडवे गाणाऱ्यांनी तो डोळे उघडे ठेवून करावा.

महाराष्ट्रात हा प्रयोग झालाच नाही असे नव्हे. २०१४च्या लोकसभेच्या वेळी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली, त्यांत आपले वर्धा होते. घराणेशाही मोडून काढायची होती. लढत झाली ती विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर आणि काँग्रेसच्या नेत्या प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात. चिरंजीव जिंकले, लोकसभेला भाजपच्या रामदास तडस यांच्याकडून हरले, आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये दाखल झाले. या प्रकाराला हसणे सोपे आहे. पण मत देणारे कोण होते, तर पक्षाचे पदाधिकारी आणि नेमलेली मंडळी. सामान्य मतदाराचा तिथे प्रवेशच नव्हता. ज्यांनी पदाधिकारी नेमले त्यांच्या घरी उमेदवारी गेली, यात आश्चर्य कसले?

पक्षाच्या सदस्याला आपल्याकडे किती किंमत आहे, हे शिवसेनेच्या वादात दिसलेच. ठाकरे गटाने कार्यकर्त्यांची लाखो प्रतिज्ञापत्रे खोकी भरभरून (कागदांचीच खोकी) निवडणूक आयोगाकडे नेली. फेब्रुवारी २०२३मध्ये आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला देताना मोजले ते आमदार-खासदारांचे बहुमत. वर्षभराने राष्ट्रवादीचे घड्याळही त्याच मापाने अजित पवारांकडे गेले. आयोगाचे तर्कशास्त्र काहीही असो, सदस्य हा प्राणी त्या हिशेबात कुठेच बसत नव्हता.

म्हणून पुण्यातल्या मित्रांना माझे सांगणे असे, की राज्यघटना बदलायला निघण्यापूर्वी एखाद्या पक्षाकडून इतकेच करून घ्या : महापालिकेच्या एका प्रभागात तरी त्याने आपल्या सदस्यांची यादी छापून कार्यालयाच्या दारावर लावावी, हरकती मागवाव्यात, आणि त्या यादीवर गुप्त मतदान घेऊन उमेदवार ठरवावा, मोजायला बाहेरचा माणूस बसवून. उमेदवार कसा निघेल ते पुढचे पुढे. यादी लावल्याच्या पहिल्याच सकाळी प्रभागातल्या निम्म्या लोकांना कळेल की आपण या पक्षाचे सदस्य आहोत, आणि उरलेल्यांतले बरेचसे गल्लीच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या पक्षाच्या यादीत आपले नाव आहे का, ते बघायला जातील.