आठ मिनिटे अकरा सेकंद

क्रिकेटचा सामना चार माणसांत बसून पाहता येतो, याचे सगळे श्रेय क्रिकेटला आहे. दोन चेंडूंच्या मध्ये कोणाच्या तरी गुडघ्याची शस्त्रक्रिया बोलून होते, दोन षटकांच्या मध्ये एखादे लग्न जमते किंवा मोडते, आणि एवढे करूनही काही निसटलेच तर तेच दृश्य चारही बाजूंनी पुन्हा दाखवले जाते. मैदानी स्पर्धांना ही माणुसकी नाही. शंभर मीटरची धाव चहाचा कप या हातातून त्या हातात जाईपर्यंत आटोपते. चालण्याची दहा हजार मीटरची शर्यत पाऊण तास चालते, त्यामुळे तिच्याकडे पाठ करून बोलत बसले तरी कोणाचे काही बिघडत नाही. गप्पांच्या दृष्टीने खरी घातक ती तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, म्हणजे स्टीपलचेस. ती आठ-सव्वाआठ मिनिटांत संपते. एखादा विषय काढायला तेवढा वेळ भरपूर होतो, संपवायला मात्र अजिबात पुरत नाही.

६ ऑगस्ट २०२२ रोजी, शनिवारी दुपारी, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ही शर्यत होती आणि तीत आपला अविनाश साबळे धावणार होता. नेमके त्याच सुमारास १३, १४ आणि १५ ऑगस्ट अशी शनिवार, रविवार आणि स्वातंत्र्यदिनाची जोडून सुट्टी येत असल्यामुळे आमच्या मित्रमंडळाने समुद्रकिनारी जाण्याचा बेत आखायला घेतला होता. पुण्यात राहणाऱ्या माणसाला सलग तीन दिवस सुट्टी दिसली की त्याला समुद्र आठवतो, आणि ताम्हिणी घाटात गाड्यांच्या रांगेत उभे राहिल्यावर तो विसरतो. बेत ठरवण्यासाठी बैठक हवी होती. मी शर्यतीची वेळ सर्वांना आठवडाभर आधी कळवली, आणि सर्वांनी ती आनंदाने मान्य करून बरोबर त्याच वेळेला आमच्याकडे येण्याचे ठरवले.

अण्णा आले ते लॉन बोल्सबद्दल, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवण्याच्या खेळाबद्दल बोलतच. त्याच आठवड्यात भारताच्या चार महिलांनी दक्षिण आफ्रिकेला हरवून या खेळात सुवर्ण मिळवले होते, आणि तेव्हापासून अण्णांची अशी धारणा झाली होती की ज्या खेळात धावावे लागत नाही, घाम येत नाही आणि पांढरपेशा पोशाखात हिरवळीवर उभे राहून नुसता अंदाज बांधायचा असतो, त्या खेळात आपली निवड केवळ कोणी कळवले नाही म्हणून राहून गेली. बापू निवृत्त बँक अधिकारी असल्यामुळे ते बेताचा खर्च माणशी किती येईल याचा कागद घेऊन आले. दोन्ही वहिनी साबुदाण्याचे वडे घेऊन आल्या, आणि त्या एका बाबतीत मी बैठकीला कधीच नावे ठेवणार नाही.

धावपटू रेषेवर उभे राहिले तेव्हा मी सर्वांचे लक्ष वेधून घेण्यासाठी सांगितले, की हा मुलगा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा, शेतकऱ्याच्या घरचा, शाळेत जायला रोज पाच-सहा किलोमीटर पायपीट करायचा, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला आणि सियाचीनलाही राहून आला. एवढी माहिती एका दमात देऊनही काही उपयोग झाला नाही. अण्णांच्या घरच्या वहिनींनी तिच्यातला एकच शब्द उचलला.

‘‘आष्टी म्हणालात का? आमच्या भाच्याला स्थळ सांगून आले आहे ते आष्टीचेच.’’

‘‘कोणती आष्टी?’’ बापूंनी विचारले. ‘‘एक वर्धा जिल्ह्यात आहे, ती बेचाळीसच्या हुतात्म्यांची.’’

‘‘सांगलीकडेही आहे ना?’’

‘‘ते आष्टा.’’

मुलगी नेमकी कुठली आहे हे ठरेपर्यंत पडद्यावरची दीड फेरी संपली होती. मुलगी काय करते, मुलाची उंची तिच्याहून कमी तर नाही ना, आणि पत्रिका पाहायची की नाही, हे प्रश्न अजून अडथळ्यांच्या पलीकडे उभे होते. या शर्यतीत धावपटूला अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या पार कराव्या लागतात. पूर्वी ब्रिटिश बेटांवर एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून पुढच्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, वाटेतले ओढे आणि कुंपणे ओलांडत पळायचे. हल्लीचे पाणी आणि लाकडी आडवे खांब ही त्याचीच आठवण. हे सगळे सांगायला मी तोंड उघडले, पण ‘पाणी’ हा शब्द बाहेर पडताच चर्चा समुद्रावर गेली.

बापूंचे मत दिवेआगरला होते. अण्णांना गुहागर हवे होते. धाकट्या वहिनींना वेळासला जाऊन कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायची होती, आणि ती पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतात, ऑगस्टमध्ये नाही, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू कासवांचे वेळापत्रक मीच लावले होते. वरंधा घाट पावसाळ्यात बंद असण्याची शक्यता, ताम्हिणीतली गर्दी, दरडी, आणि भर पावसात खवळलेल्या समुद्रात पाय बुडवणेही बरे नसते, या सर्व गोष्टी यथासांग मांडल्या गेल्या. मग अण्णांनी हळूच खरा मुद्दा काढला. श्रावण चालू होता. पाचांपैकी चौघे श्रावण पाळणारे. मासळी खायची नाही, पाण्यात उतरायचे नाही आणि कासवेही नाहीत, तर चार घाटवळणे उतरून कोकणात जायचे ते मोदक खायला का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मला मात्र त्या क्षणी दुसरा प्रश्न पडला होता, कारण अविनाश तीन केनियन धावपटूंच्या घोळक्यात चिकटून धावत होता आणि मला त्याचा पाय दिसत होता, डोके दिसत नव्हते. मध्ये वड्यांचे ताट होते.

‘‘अहो, पुढे तिघे केनियाचे आहेत,’’ मी कळवळून म्हणालो. ‘‘१९९८ पासून राष्ट्रकुलमध्ये या शर्यतीची तिन्ही पदके दर वेळी केनियानेच नेली आहेत. आज पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यात घुसतो आहे.’’

‘‘केनिया?’’ अण्णा म्हणाले. ‘‘आमचे साडू मागच्याच वर्षी जाऊन आले. मसाई मारा. सिंह अगदी गाडीला अंग घासून गेला म्हणे.’’

साडूंच्या सिंहाला दोन फेऱ्या लागल्या. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा खोलीत क्षणभर खरोखर शांतता पसरली, आणि मला वाटले की आता निभावले. तेवढ्यात बापूंच्या फोनवर न्यू जर्सीहून लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती आणि आठ महिन्यांची नात नुकतीच उठली होती. नातीने प्रथम आजोबांना पाहिले, मग आजीला, मग अण्णांना. सगळ्यांना पाहून झाल्यावर ती रडू लागली, ते स्वाभाविकच होते. तेव्हा तिला रमवण्यासाठी काहीतरी हलते दाखवावे म्हणून बापू उठले, दूरचित्रवाणीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी फोन पडद्याकडे वळवला.

बापूंची पाठ रुंद आहे. शेवटचे दीडशे मीटर मी ती पाठ पाहिली. समालोचकाचा आवाज चढत गेला, पलीकडून बाळ खिदळले आणि लेक ‘‘अय्या, हा जवळ आला, जवळ आला!’’ म्हणून ओरडली. राष्ट्रकुल स्पर्धांच्या इतिहासातला तो थरार न्यू जर्सीतल्या एका दात न आलेल्या मुलीने पहिल्यापासून शेवटपर्यंत विनाअडथळा पाहिला.

बापू बाजूला झाले तेव्हा पडद्यावर आकडे आले होते. अब्राहम किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, अविनाश साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. रौप्यपदक आणि नवा राष्ट्रीय विक्रम.

‘‘म्हणजे किती अंतराने गेले?’’ अण्णांनी विचारले.

‘‘एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यांतले पाच,’’ बापूंनी सवयीने हिशेब सांगितला.

‘‘एवढ्यासाठी?’’ धाकट्या वहिनी हळहळल्या. ‘‘मग त्याने जरा आधीच निघायचे होते.’’

शेवटी दिवेआगर ठरले, पण तिथली खोली गेली. आम्ही फोन केला तेव्हा त्या घरमालकीणबाईंनी सांगितले की शेवटची खोली आताच एका मुंबईच्या कुटुंबाने घेतली. त्या तीन दिवसांत आमच्यापैकी कोणी कुठेही गेले नाही, आणि आष्टीचे स्थळही पुढे सरकले नाही. मुलगी मुलाहून उंच निघाली.

पुढच्या वर्षी हांगझोऊला आशियाई स्पर्धा झाली तेव्हा मी कोणालाही काही कळवले नाही. १ ऑक्टोबर २०२३, रविवार. दार लावून घेतले, चहा जवळ ठेवला आणि पडद्यासमोर एकटा बसलो. अविनाशने सुरुवातीपासून जी आघाडी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. अखेरच्या टप्प्यात तर तो मागे वळून पाहत होता आणि मागे जवळपास कोणी नव्हते. पाण्याच्या सातही उड्या मला स्वच्छ दिसल्या. कोणाच्या भाच्याचे काय झाले हे मात्र कोणी सांगेना, आणि चौथ्या-पाचव्या फेरीला घर फार रिकामे वाटू लागले. दिवाळीनंतर दिवेआगरला खोली मिळते आहे हे कळवायचे होतेच, म्हणून मी अण्णांना फोन लावला.

‘‘अरे, काय ही वेळ फोन करायची!’’ अण्णा खेकसले. ‘‘इथे आपला अविनाश सुवर्णपदकाला पळतो आहे आणि तुला गप्पा सुचताहेत? ठेव फोन.’’